डावी टाच

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या डाव्या बुटात एक खडा गेलाय, टाचेच्या बरोबर मधोमध. तुम्ही दगडावर टेकता, बूट काढता, उलटा करून झटकता. काहीच पडत नाही. आत बोटं घालून चाचपता. काहीच नाही. बूट पुन्हा घालता, पाऊल टेकवता, आणि खडा आपला जागच्या जागी! आता समजा, हा खडा घेऊन तुम्हाला रोज पाच कोस चालायचंय, आणि कुणाला कळूही द्यायचं नाही.

जमलं? मग डोळे उघडा आणि माझ्या खाटेपाशी या.

खाट अंगणात होती. एप्रिल संपत आला होता, नुकतं उजाडत होतं. मी खाटेच्या काठावर बसलो होतो, पाय खाली सोडून, पण जमिनीला न लावता. दिवसातलं पहिलं पाऊल सगळ्यांत वाईट असायचं. ते एकदा टाकून झालं की पुढची पावलं कशीबशी पडत जायची.

मी तेव्हा वनरक्षक होतो. एका वनरक्षकाच्या वाट्याला जेवढं जंगल येतं त्याला बीट म्हणतात. माझ्या बीटात एक पहाडी, एक नाला आणि तीन पाणवठे होते. बावीस वर्षं मी ते रोज पायाखाली घालत होतो. आमचं घर जंगलाच्या कडेच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीत होतं आणि अंगणात पिठासारखी बारीक धूळ होती.

मी दात आवळून उठलो, बूट घातले आणि फाटकाकडे निघालो. फाटक ओलांडतो न ओलांडतो तोच मागून खराट्याचा आवाज आला.

"रेवंते!" घरातून तिची आई ओरडली. "माणूस बाहेर पडला का लगेच झाडू नये, किती खेपा सांगू? अपशकुन होते न!"

"कचरा झाला हाय, आई."

"कचरा पळून चालला का?"

रेवंता माझी मुलगी, दहा वर्षांची. तिनं झाडणं थांबवलं नाही. गेलं वर्षभर हे रोज चाललं होतं. मला वाटायचं, पोरगी हट्टी आहे, माझ्यावर गेली आहे.

त्या दिवशी फाटकाशी मोटरसायकल येऊन थांबली. आमच्या राऊंडचे, म्हणजे चारपाच बीटांचे साहेब, गोसावी. माणूस देशावरचा, पण दहा वर्षं आमच्या जंगलात काढलेला.

"उईके, परवा नाल्यात तुम्ही माझ्या मागे पडलात," ते गाडीवरूनच म्हणाले.

"बूट चावते, साहेब. खात्याचे हायेत न. एकच माप येते सगळ्याइले."

"बुटांचं मी दोन वर्षं ऐकतोय." त्यांनी गाडी बंद केली. "वाघांची गणना पुढच्या आठवड्यात आहे. सहा दिवस, रोज पहाटे पाणवठे गाठायचे. सोमवारी मी येतो आणि पहाडीपासून नाल्यापर्यंत सगळं बीट तुमच्याबरोबर चालतो. चाललात तर उत्तम. नाही तर मला कागद करावा लागेल. नाक्यावर जागा रिकामी आहे. खुर्चीत बसायचं, लाकडाच्या गाड्या तपासायच्या."

"नाका नको, साहेब."

"अहो, ती शिक्षा नाही."

"शिक्षा नाही, मालूम हाय. तरी नको."

साहेबांची नजर अंगणावरून फिरली. अंगण स्वच्छ झाडलेलं होतं. ते गेले.

नाका डांबरी रस्त्यावर होता. तिथून झाड दिसायचं ते एकच, तेही बाभळीचं.

शुक्रवारी तालुक्याचा बाजार होता. ठेवणीतले पैसे बंडीच्या आतल्या खिशात घातले, जुने बूट आणि मोजे पिशवीत टाकले, चपला घातल्या आणि निघालो. रेवंता मागं लागली, म्हणून तिलाही घेतलं. तिला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. टोल्यावरच्या पोरांना दर रविवारी मी नाल्याच्या रेतीत माग वाचायला शिकवायचो. इतर पोरं पोहायला पळायची, ही मात्र शेवटपर्यंत बसायची. वाघाची गणना तेव्हा पायाच्या ठशावरून व्हायची. ठशावर लाकडी चौकटीतली काच धरायची आणि वरून पेनानं रेघ फिरवायची. त्याचे नियम होते, आणि ते मी पोरांकडून घोकून घ्यायचो.

बसमध्येही घेतले.

"कोणता पाय?"

"मागचा डावा."

"ठसा कसा पाहिजे?"

"चालत्या वाघाचा. बसलेल्याचा घ्यायचा नाही, उठतानाचा घ्यायचा नाही. धूळ पातळ पाहिजे, जमीन सपाट पाहिजे."

"आन चांगला ठसा भेटला, पण साहेब यायचे हायेत, तर?"

"वर टोपली पालथी घालायची. कोंबडी, शेळी कोणी तुडवू नये म्हणून."

"शाबास."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं. मी पाय सीटखाली ओढून घेतले.

बुटांचं दुकान उघडून थोडाच वेळ झाला होता. बाहेर दोरीवर बूट टांगले होते. त्यांतला एक जोड पाहिला आणि माझी नजर दुसरीकडे जाईना. नडगीपर्यंत उंच, तपकिरी चामडं, पितळी छिद्रं, जाड तळ. दुकानदारानं माझी नजर हेरली.

"शिकारी बूट हायेत, साहेब. बसा, बसा. नाग चावला तर नागाचे दात तुटन."

"शिकार तर वीस वर्षांपासून बंद हाय."

"शिकार बंद झाली न जी, बूट थोडेच बंद झाले?"

मी स्टुलावर बसलो. त्यानं स्वतः बूट घालून दिले, लेस आवळली. खरं सांगतो, इतकं छान वाटलं! पाय कसा दोन्ही हातांनी धरून ठेवल्यासारखा. हे बूट घालून सोमवारी मी फाटकाबाहेर पडेन आणि गोसावी साहेब बघत राहतील, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. किंमत अर्ध्या पगाराहून जास्त होती. तरी माझा हात बंडीच्या आतल्या खिशाकडे गेला.

"बाबा," रेवंता हळूच म्हणाली.

"काय वं?"

"तू बसलेल्या वाघाचा ठसा घेतेस का?"

दुकानदार हसला. "वाघाले कायले बूट पाहिजे, बाई?"

मला हसू आलं नाही. बावीस वर्षांत किती ठसे मापले असतील, गणतीच नाही. आणि स्वतःचं माप मी बसून, सकाळी, तासभर बसमध्ये पाय आराम करून आल्यावर घेत होतो. मी उठून उभा राहिलो. बोटं पुढं जाऊन भिडली. दुकानातल्या फरशीवर चाललो. तळ इतका कडक की बोटांपाशीही वाकेना. चालताना टाच बुटात मागून उचलली जायची आणि दर पावलाला नेमकी त्याच जागी आदळायची. चौथ्या पावलाला मी आधाराला गल्ला धरला.

"नवं हाय, चावनच," दुकानदार म्हणाला. "आठ दिवसांत पायाले लागून जाते."

"माह्यापाशी आठ दिवस नाहीत, भाऊ."

"तर मंग कापडी घ्या. म्हाताऱ्याइसाठी हायेत."

मी बूट उतरवले. बाहेर आलो तेव्हा कान तापले होते. रेवंता पिशवी सांभाळत माझ्या मागून चालत होती. ती नेहमी माझ्या उजवीकडे चालायची. त्या दिवशी मागून चालत होती.

बाजाराच्या टोकाला बिसाहू मिस्त्री बसायचा. छत्तीसगढातून तरुणपणी आलेला, आता सत्तरीचा. टिनाचं छप्पर, खाली लाकडी ठोकळे, चामड्याचे तुकडे आणि खळीचा वास. शिकारीच्या जमान्यात मोठमोठे साहेब त्याच्याकडून बूट शिवून घ्यायचे, असं ऐकून होतो. माझ्यासारखा माणूस त्याच्याकडे चपलेचा अंगठा लावून घ्यायला जायचा, बूट करायला नाही.

"नवा जोड करायचा हाय का?" त्यानं विचारलं.

"परवडन असा. लय चालायसाठी."

"पिशवीत काय हाय?"

मी खात्याचे बूट काढले. त्यानं ते सरळ धरून पाहिलेच नाहीत. उलटे केले आणि तळ उजेडात धरला.

"उजव्याची बाहेरची कड पार झिजली. डाव्याची टाच नवीकोरी. तू ते टेकवतच नाही का?"

"सवय हाय."

"सवय." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग रेवंताकडे. "वरचं चामडं चांगलं हाय. नवा जोड नको करू. तळ मी बदलतो, पुढं बोटाइले जागा करतो. पण आतलं काम आत्ता नाही होत. सकाळचा पाय लहान असते. दिवसभर चाल, बाजार कर, बसू नको. पाच वाजता ये. रोज जे मोजे घालतेस तेच घेऊन ये."

आणि मग तो दिवस. मुलांनो, त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, पण तो संपता संपत नव्हता. डांबर वितळून चपलांना चिकटत होतं. मिरच्यांची रांग झाली, मडक्यांची झाली, बैलांच्या घुंगरांची झाली. एका हॉटेलात दोघांनी एकेक आलुबोंडा खाल्ला, तोही उभ्यानंच. दुपारी तीनच्या सुमाराला मी देवळाच्या पायरीवर टेकलो.

"मिस्त्री म्हणला बसू नको," रेवंता म्हणाली.

"दोन मिनिटं, माय."

"दोन झाले."

मी उठलो. तिनं माझा हात धरला नाही, पण माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, खांदा माझ्या हाताखाली येईल अशी. मी खांद्यावर हात ठेवला.

पाच वाजता मिस्त्रीनं दुकानासमोरची जमीन झाडून त्यावर चाळलेली राख पातळ पसरली होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, दहाबारा पावलं मावतील इतकी.

"अनवाणी चाल."

मी चाललो. छाती पुढं काढून, जमेल तितकं ताठ. पलीकडे पोचलो तेव्हा कपाळावरून घाम गळत होता. मिस्त्री राखेकडे बघत राहिला.

"मले चामडं वाचता येते, माग नाही," तो म्हणाला. "तुह्या पोरीनं मघा सांगितलं, तिले येते. सांग, बाई."

रेवंतानं माझ्याकडे पाहिलं.

"सांग न," मी म्हणालो. "शिकवलं तसं."

ती उकिडवी बसली. हात मागं धरले, ठशाला लागू नयेत म्हणून. आणि रविवारी नाल्यात बोलायची तशी बोलू लागली.

"जनावर मोठं हाय. वय झालेलं हाय. चालत गेलं, पळालं नाही." ती थोडी पुढं सरकली. "उजवा पाय खोल उमटला. डावा उथळ. डाव्याची बोटं दिसते, टाच दिसत नाही. डावं पाऊल आखूड." ती थांबली.

"मंग?" मिस्त्री म्हणाला.

"जखमी हाय."

"कधीपासून?"

"मागच्या साली मोहफुलं पडली, त्याच्या आधीपासून."

"हे राखेत दिसते का?" मी विचारलं.

"राखेत नाही. अंगणात दिसते न, बाबा. रोज." तिनं मान वर केली नाही. "तूच सांगितलं होतं, गोसावी साहेबालेबी माग वाचता येते. ते कधीबी येते. म्हणून झाडते मी."

बाजारात कुणीतरी कलिंगडं विकत ओरडत होतं. मिस्त्रीनं खाली बघून खळीचा डबा उगाच इकडचा तिकडे केला.

वर्षभर आईच्या शिव्या खाऊन ती खराटा चालवत होती, ती ह्याच्यासाठी. खोटं मी बोलत होतो आणि ते लपवायचं काम माझी दहा वर्षांची पोरगी करत होती, तेही मीच शिकवलेली विद्या वापरून.

"कोठं दुखते?" मिस्त्रीनं विचारलं. "बोट ठेव."

मी खाली बसलो, पाय वर घेतला आणि टाचेच्या मधोमध, किंचित आतल्या बाजूला, बोट ठेवलं. दोन वर्षांत कुणाला दाखवलं नव्हतं. रेवंताच्या आईलासुद्धा नाही.

त्यानं मला मोजे घालायला लावून मोज्यावर तिथंच कोळसा घासला. तळ बदललेल्या बुटात पाय घालायला सांगितलं, उभं केलं, काढायला सांगितलं. आत काळा डाग उमटला होता. त्यानं दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा घेतला, बुटाच्या आतल्या मापानं कापला आणि डागाच्या जागी रुपयाएवढं भोक पाडलं. टाचेला मागून दोन्ही बाजूंनी चामड्याच्या पट्ट्या लावल्या, ती उचलली जाऊ नये म्हणून. बूट बोटांपाशी वाकवून पाहिला, मधे वाकवून पाहिला. पुढं वाकला, मधे वाकला नाही. तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं.

"त्या जागेवर आता भार नाही येणार, भार आजूबाजूले जाईन. पायरी चढ. उतर. पुन्हा चढ. उतरताना बोटं भिडते का?"

"नाही."

"पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. राहिली न? दुखणं जाणार नाही, सांगून ठेवतो. मी वैद नाही. सकाळी खाटेवर बसल्या बसल्याच पंजा आपल्याकडे ओढत जा, दहा खेपा. मंग टेकव."

त्यानं दुकानातल्या बुटांच्या पाव किमतीत काम केलं. पैसे घेताना म्हणाला, "शिकारी बूट मी लय केले. साहेब मचाणावर बसे, बूट घालून. चालत ते रान उठवणारे हाकेवाले, अनवाणी. त्याइचं माप मी कधी घेतलंच नाही."

"माहा बाप हाक्यात जाये."

"मंग बापाचं राहिलेलं माप घेतलं समज," मिस्त्री म्हणाला आणि पैशांतला एक रुपया काढून रेवंताच्या हातावर ठेवला.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. मला झोप आली नाही.

सोमवारी पहाटे मी खाटेवर बसून पंजा दहा वेळा ओढला. बूट घातले, पाऊल टेकवलं. खडा होताच. पण फडक्यात गुंडाळल्यासारखा. मी अंगणातून फाटकापर्यंत गेलो. तेवढ्यावर गोसावी साहेबांना एक दिवस सहज फसवता आलं असतं. रात्रभर मी तेच तोलत होतो.

साहेब फाटकाशी उभे होते. "नवे बूट?"

"जुनेच, साहेब. आतून नवे."

मागं खराट्याची पहिली फर्र झाली.

"रेवंता," मी वळून म्हणालो, "राहू दे. झाडू नको."

ती खराटा धरून तशीच उभी राहिली. तिचं तोंड उतरलं होतं.

"साहेब, जरा आत या. माग बघा."

"कुणाचा?"

"माहा."

साहेब आत आले. खाली वाकले. खाटेपासून फाटकापर्यंत दोन रांगा होत्या, एक खोल आणि एक उथळ. बुटांनी फरक कमी केला होता, पण वाचणाऱ्याला पुरेसा होता. त्यांनी गुडघा टेकला, वीत लावून दोन पावलांतलं अंतर मापलं.

"डावी टाच," ते म्हणाले.

"होय जी."

"बूट चावत नव्हते कधीच."

"नाही, साहेब."

"दोन वर्षं का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर नाक्यावर गेलो असतो."

ते उठले, गुडघ्याची धूळ झटकली. "आज सांगितलंत, तरी जाऊ शकता."

"मालूम हाय."

साहेबांनी रेवंताकडे पाहिलं, तिच्या हातातल्या खराट्याकडे पाहिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मी कधी विचारलं नाही. "चला," ते म्हणाले. "दिवसभर चालू. दुखलं की त्या क्षणी सांगायचं. आज बुटांचं नाव काढायचं नाही."

आम्ही चाललो. नाल्यातून, तिन्ही पाणवठ्यांवरून. सपाटीवर बुटांनी साथ दिली. दोनदा मी म्हणालो, साहेब, बसायला पाहिजे, आणि दोनदा बसलो. पहाडीच्या अर्ध्यावर म्हणालो, आता नाही होत. हे तीन शब्द उच्चारायला पहाडी चढण्यापेक्षा जास्त दम लागला. साहेबांनी डबा उघडला, अर्धी भाकर माझ्यापुढं केली आणि तिथंच वहीत लिहिलं. पहाडी शेजारच्या बीटाच्या वनरक्षकाकडे. नाला आणि तिन्ही पाणवठे उईकेंकडे. गणनेत आणि गणनेनंतरही.

पहाडी गेली. ती मला आजही सलते. नाला मात्र निवृत्त होईपर्यंत, पुढची नऊ वर्षं, माझ्याकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो. फाटकाबाहेर पडलो आणि सवयीनं खराट्याच्या आवाजाची वाट पाहत थांबलो. आवाज आला नाही. वळून पाहिलं.

खराटा भिंतीला टेकवलेला होता. रेवंता माझ्या मागावर वाकून एकेक ठसा बघत होती, हात मागं धरून. फाटकाजवळच्या एका ठशाशी ती थांबली. तिथं डावी टाच उमटली होती. पूर्ण नाही, पण गोल कड दिसावी इतकी. ती धावत घरात गेली. आतून आई ओरडली, "मोहाची टोपली कोठं नेतेस वं?" ती धावतच बाहेर आली, खाली बसली, आणि कोंबड्यांना हाकलून तिनं ती टोपली त्या ठशावर हळूच पालथी घातली.